बाल्कनीतला राब

आमच्या गावात झाड घरात ठेवत नाहीत. झाडं बाहेर असतात. दारात तुळस, परसात कढीपत्ता आणि कर्दळ, कुंपणाला शेवगा, त्याच्यापुढे भाताची खाचरं आणि खाचरांपुढे डोंगर. घरात ठेवायचं ते भात, कांदे, सुकी मासळी आणि माणसं. म्हणून अलिबागला नोकरी लागल्यावर मी भाड्याच्या घरात पहिली कुंडी आणली, तेव्हा ती नेमकी कुठे ठेवायची हेच मला कळेना. बराच वेळ मी ती हातात धरून उभी होते. शेवटी टीव्हीच्या जागी ठेवली, कारण टीव्ही अजून घ्यायचा होता.

पालीपासून थोडं आत आमचं गाव. घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिली, आणि पदवी घेतलेलीही मीच पहिली. याचं श्रेय मी आईला देते. लावणीच्या दिवसांत आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली शाळेत नसायच्या. खाचरात हात कमी पडतात, मग पोरी घरी ठेवायच्या, ही तिकडची रीत. मी मात्र लावणीतही शाळेत असायचे. माझ्या वाटचं काम आई करायची, स्वतःचं उरकलं की माझं. बायका तिला चिडवायच्या, तुझी लेक काय कलेक्टर होणार हाय काय? मी कलेक्टर झाले नाही. पण कलेक्टर ज्या गावात बसतात त्या गावात एका कचेरीत लिपिक झाले, आणि लोकांना सांगताना आई या दोन गोष्टींत फारसा फरक ठेवत नाही.

कुंड्यांचं वेड मला साहेबांच्या केबिनमध्ये लागलं. तिथे कोपऱ्यात एक झाड होतं, चकचकीत पानांचं, कायम नुकतीच आंघोळ केल्यासारखं. मी फाइल घेऊन गेले की साहेब वाचत असताना मी त्या झाडाकडे बघत राहायचे. शिकलेल्या माणसाच्या खोलीत झाड असतं, असं माझ्या मनाने घेतलं. मग एका रविवारी मी नागावच्या रस्त्याला असलेल्या नर्सरीत गेले. नारळ-सुपारीच्या वाडीतच एका कडेला हिरवी जाळी लावून ती केलेली होती. मालक पन्नाशीचे, लुंगी आणि बनियनवर, हातात पाण्याचा पाइप. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगून टाकलं की मला घरातल्या झाडांतलं काही कळत नाही, पण मी शेतकऱ्याची मुलगी आहे.

ते म्हणाले, "मग तर अवघडच आहे."

मला ती थट्टा वाटली. तिचा अर्थ पुढे कळला.

त्यांनी मला नवख्या माणसाची झाडं दिली. एक मनी प्लँट, एक उभ्या तलवारीसारख्या पानांचं स्नेक प्लँट, आणि एक पीस लिली, जिला पांढरं फूल येतं. सूचना सोपी होती. पाणी घालायच्या आधी बोट मातीत खुपसायचं. बोटाला माती चिकटली तर पाणी नाही घालायचं, कोरडं निघालं तरच घालायचं. मी ते मनापासून पाळलं. कचेरीत जायच्या आधी एकेका कुंडीत बोट घालून बघायचे, वैद्याने नाडी बघावी तसं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. कुणी सांगे, झाडाशी बोला. मला एकटीला घरात बोलायची लाज वाटे, म्हणून मी त्यांना फक्त "येते हं" एवढं म्हणून कुलूप लावायचे. मनी प्लँटला एक पान फुटलं, गुंडाळलेलं, पोपटी, आणि ते उलगडेपर्यंत माझं कामात लक्ष नव्हतं. आमच्याकडे खाचराच्या खाचरं हिरवी होतात तेव्हा कुणी एका पानाकडे बघत नाही.

संक्रांतीनंतर आई खळ्याजवळच्या दगडावर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. अलिबागच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांना वरचेवर दाखवायला बरं म्हणून तिला माझ्याकडेच ठेवायचं ठरलं. बाबा गावी गेले, कारण गुरं होती. डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशन चांगलं झालंय, पण यांनी आता चाललं पाहिजे. दिवसभर थोडं थोडं, घरातल्या घरात. बसून राहिल्या तर सांधा धरेल, आणि मग त्या कायमच्या बसतील.

कायमच्या बसतील, हे शब्द घेऊन मी रिक्षात बसले. आई शेजारी होती. ती बाहेर बघून म्हणत होती की इथं घरांना अंगणच न्हाय.

माझं घर पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, पश्चिमेला एक छोटी बाल्कनी, नारळाच्या शेंड्यांच्या मागून समुद्राचा वारा येतो. आईने आल्या आल्या कुंड्या पाहिल्या.

मग म्हणाली, "झाड घरात? मग भायेर काय ठेवलंस?"

मी म्हटलं, आई, ही शोभेची झाडं आहेत. तिने विचारलं, याला काय लागतं? फळ? फूल? भाजी? मी म्हटलं, पीस लिलीला फूल येतं. तिने ते हुंगून पाहिलं आणि वास नसल्याचं कळल्यावर सोडून दिलं.

चालायचं मात्र ती नाव काढीना. आम्ही तिला चार पायांचा वॉकर आणला होता. तो भिंतीला टेकून उभा असे आणि ती खुर्चीत. व्यायाम शिकवायला एक ताई आठवड्यातून एकदा यायची, तरुण, हसतमुख, आईला मावशी म्हणणारी. तिच्यासमोर आई चार पावलं टाकायची, ती गेली की परत खुर्ची. मी विनवायचे, चिडायचे, कधी रडकुंडीला यायचे. कचेरीतून फोन करून विचारायचे, चाललीस का? ती म्हणायची, चालले. पण संध्याकाळी वॉकर सकाळी होता तिथेच दिसे, त्याच्या दांड्यावर मी वाळत घातलेला नॅपकिनही तसाच.

एकदा मी फारच मागे लागले तेव्हा ती वैतागून म्हणाली, "बाय, चालून जाऊ कुठं? या भितीपासून त्या भितीपरयंत? मानूस कायतरी कामाला चालतं. उगाच कोन चालतं?"

तिच्या आयुष्यात ती कधीच उगाच चालली नव्हती. विहिरीवर, शेतावर, जंगलात लाकडाला, बाजाराला, माझ्या शाळेत पालकांना बोलावलं तर तिथे. प्रत्येक पावलाच्या टोकाला काहीतरी ठेवलेलं असायचं. आणि एक गोष्ट ती रोज बोलून दाखवायची, की लावणीच्या आत मला घरी जायचंय. मी म्हणायचे, चालायला लागलीस की जा. ती म्हणायची, तिकडं गेले की चालेन. आमचं हे भांडण उन्हाळा वर चढेपर्यंत तसंच चालू राहिलं.

मग एके दिवशी मी कचेरीतून आले तर वॉकर जागेवर नव्हता. तो बाल्कनीच्या दाराशी होता आणि त्याच्या दांड्याला लांब सुतळीने पाण्याचा मग बांधलेला. आई त्याला धरून उभी राहून मनी प्लँटला पाणी घालत होती. मी पायातली चप्पल न काढता दारातच उभी राहिले. ती मागे न वळता म्हणाली, "तहानलेली दिसली. तू दिसभर भायेर, यांना कोन बघनार?"

त्यानंतर ती रोज चालू लागली. नळापासून कुंडीपर्यंत, कुंडीपासून नळापर्यंत. मगात मावेल तेवढंच पाणी, म्हणून फेऱ्या खूप. सकाळी, दुपारी, उन्हं कलली की पुन्हा. व्यायामवाली ताई आली आणि आईचा पाय हलवून बघून म्हणाली की मावशी, छान सैल झालाय, हेच चालू ठेवा. मी त्या दिवशी जिलबी आणली.

जिलबीनंतर थोड्याच दिवसांत मनी प्लँट पिवळा पडायला लागला. आधी खालची पानं, मग वरची. पीस लिली एका बाजूला कलली. मातीवर बारीक चिलटं उडू लागली. मला वाटलं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने झालं असेल, म्हणून मी कुंड्या आत सरकवल्या. आईला वाटलं तहान लागली असेल, म्हणून तिने पाणी वाढवलं. शेवटी मनी प्लँट पिशवीत घालून मी नर्सरीत घेऊन गेले. मालकांनी तो कुंडीतून उपसला. मुळं तपकिरी, लिबलिबीत, आणि वास असा की मी तोंड फिरवलं.

"पाणी कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

"आई."

"भाताची शेती का?"

मी हो म्हटलं. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले की भाताची माणसं आली की माझी विक्री वाढते.

तेव्हा मला त्यांची पहिल्या दिवशीची थट्टा कळली. आईचा सगळा जन्म पाण्यात उभ्या राहणाऱ्या पिकात गेला होता. खाचरातलं पाणी आटलं की जीव वरखाली व्हायचा, बांध फुटला की सगळे धावायचे. माती ओली असणं म्हणजे सगळं ठीक असणं. कोरड्या मातीत सुखाने जगणारं झाड तिने पाहिलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा बोट घालून बघताना दर वेळी आतून अस्वस्थच व्हायचे.

घरी येऊन मी तिला मुळं दाखवली आणि समजावून सांगितलं की यांना पाणी नाही घालायचं, आठवड्यातून एकदा पुरे. ती नीट ऐकत होती. काही वाद घातला नाही. मग तिने वॉकरचा मग सोडला, सुतळीची गुंडाळी करून खिडकीत ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीतच होती. तिसऱ्या दिवशीही. मला आधी वाटलं रुसली असेल. पण रुसली नव्हती, तिला काम उरलं नव्हतं एवढंच. व्यायामवाली ताई आली, पाय उचलून बघितला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. बाहेर येऊन तिने मला हळूच विचारलं, "ताई, मागच्या वेळेपर्यंत मावशी काहीतरी करत होत्या. ते बंद केलंत का?"

मी तिला कुंड्यांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, झाडं मेली तरी चालतील.

म्हणायला सोपं होतं. पण आईच्या हाताने झाडं मारवून घ्यायची, हे मला पटेना. तिच्या हातून आजवर काही मेलं नव्हतं. मनी प्लँट गेला तेव्हा तिने तो कचऱ्यात टाकू दिला नव्हता, कुंडीतच वाळू दिला होता, आणि मी बघत नाही असं वाटलं की ती त्याच्याकडे बघायची.

म्हणून मी पुन्हा नागावला गेले, मालकांना अडचण सांगितली, आणि विचारलं की सतत पाणी घातलेलं चालेल असं घरातलं काही आहे का. मग कात्री घेऊन त्यांनी वाडीतल्या सुपारीवर चढलेल्या मोठ्या मनी प्लँटचे तुकडे कापून दिले आणि सांगितलं की हे मातीत लावूच नका. पाण्याच्या बाटलीत ठेवा, मुळं फुटतील, पाण्यातच वाढतील, फक्त पाणी बदलत राहा. छत्रीसारख्या पानांचं एक गवत दिलं, जे पाण्याच्या टबात उभं राहतं. आणि वर म्हणाले की पानं पुसायला सांगा. इथे वाऱ्यात मीठ असतं, पुसलं नाही तर कडा जळतात.

मी खूश होऊन आले. येताना मला आणखी एक कल्पना सुचली होती. आईला म्हटलं, आपण बाल्कनीत एका टबात भात लावू या का? चिखल करू, पाणी ठेवू, तू आवणाची रोपं लाव. मला वाटलं तिचे डोळे भरून येतील.

ती म्हणाली, "बादलीत भात? त्याचं काय लोनचं घालायचं? शिकून शिकून तुजं डोकं फिरलंय."

आणि इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. गावी बाबांना फोन करून तिने ते सांगितलं, मग शेजारच्या वहिनीलाही. पुढे कितीतरी दिवस गावातून फोन आला की आधी विचारत, टबातली लावणी झाली काय?

बाटल्यांचं मात्र तिला पटलं. घरातल्या सरबताच्या, तेलाच्या, औषधाच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या तिने धुतल्या. मी मुद्दामच त्या घरभर लांब लांब ठेवल्या. एक स्वयंपाकघराच्या खिडकीत, एक न्हाणीच्या दाराशी, एक टीव्हीच्या जागी, एक बाल्कनीत. आणि परत वॉकर, परत त्याला बांधलेला मग. पांढरी मुळं फुटली तेव्हा ती बाटली उजेडाला धरून बघत बसायची. मुळं अशी उघड्यावर वाढताना तिने कधी पाहिली नव्हती. पानं पुसायचं ऐकून आधी ती पुन्हा हसली, झाडाचं तोंड धुवायचं म्हणे. पण एका दुपारी तिने ओल्या फडक्याने स्नेक प्लँट पुसला आणि फडकं काळं झालेलं बघून तिला धक्काच बसला. त्या दिवसापासून साहेबांच्या केबिनमधल्या झाडापेक्षा आमची झाडं स्वच्छ असायची.

हळूहळू वॉकर गेला आणि काठी आली. घरात ती काठीने फिरायची. पण जिना? व्यायामवाली ताई म्हणे, आता जिना सुरू करू. आई जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली बघायची आणि म्हणायची, आज नको. पुढच्या आठवड्यातही आज नको. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जिना चढता-उतरता आला तरच गावी जायला परवानगी, कारण आमच्या घराला उंच जोतं आहे आणि पुढे सगळी चढउताराची वाट. मी फार मागे लागले नाही. मनात मात्र भीती बसली होती की आई आता या दोन खोल्यांपुरतीच उरणार.

मे महिन्यात मी पीस लिलीची कुंडी बदलायची म्हणून नर्सरीतून मातीची पिशवी आणली. आईने मूठभर माती हातात घेऊन चोळली आणि म्हणाली, ही कच्ची हाय. मी म्हटलं, चांगली आहे, खत घातलेली आहे. तिने ती पिशवीत सोडली आणि हात झटकले. पुढचे काही दिवस बाल्कनीत एक ओळखीचा वास येत होता. मला तो नव्या मातीतल्या खताचा वाटला.

मग एका दुपारी कचेरीत फोन आला. तळमजल्यावरचे काका आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. म्हणाले, घाबरू नका, पण लगेच या, तुमच्या बाल्कनीतून धूर येतोय, आणि तुमच्या आई म्हणतात काही झालेलं नाही.

रिक्षा आमच्या गल्लीत वळली तेव्हा धूर दिसला. पांढरा, जाड, सावकाश वर जाणारा. तो बघताच मला कळलं. आमच्याकडे उन्हाळ्यात अख्ख्या तालुक्यात हाच धूर असतो. भाताच्या रोपासाठी बी पेरायचं त्या जागेवर पालापाचोळा, शेण, वाळक्या फांद्या अंथरून वर माती पसरतात आणि हळूहळू जाळतात. त्याला राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय पेरणी नाही. आईने पीस लिलीसाठी राब भाजला होता.

ती बाल्कनीत स्टुलावर बसली होती, काठीने घमेल्यातला विस्तव सारखा करत. घमेलं बांधकामवाल्यांनी खाली टाकून दिलेलं, गंजकं. त्यात नारळाच्या झावळ्या, गोवऱ्या आणि वर नर्सरीची माती, सगळं अगदी शिस्तीत, थरावर थर. शेजारच्या बाल्कनीतले कपडे धुराने माखले होते. मी पाण्याची बादली आणायला धावले तर तिने काठी आडवी धरली.

"पानी घालू नको. भाजत आलाय."

काका माझ्यामागून वर आले होते, दम लागलेला. मी त्यांची माफी मागायला लागले. म्हटलं, काका, पुन्हा होणार नाही, आईला शहरातलं माहीत नाही, दिवसभर एकटी असते. ते कपाळ पुसत म्हणाले, "अहो, एकट्या कुठल्या? रोज तर खाली येतात. झावळ्या गोळा करताना मीच दिल्या दोन ओढून. मला काय माहीत कशाला हव्यात."

मला आधी वाटलं त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय. मी आईकडे पाहिलं. ती विस्तवाकडे बघत होती. मग मला घमेल्याच्या पलीकडे, कुंड्यांच्या मागे, भिंतीला लावून ठेवलेल्या उरलेल्या गोवऱ्या दिसल्या. प्रत्येकीवर आईच्या बोटांचे ठसे. काही पक्क्या वाळलेल्या, काही अजून ओलसर. म्हणजे एका दिवसाचं काम नव्हतं. शेण रस्त्यावरच्या गाईंचं असणार, फाटकाबाहेरचं. फाटक खाली. खाली म्हणजे जिना.

काका चहा नको म्हणाले आणि विस्तव विझेपर्यंत थांबून मग गेले. मी आईच्या शेजारी खाली बसले.

"तू जिना उतरतेस?"

"उतरते."

"आणि चढतेस?"

"मग काय खालीच राहते?"

"मला का नाही सांगितलंस?"

तिने काठीचं टोक मातीत फिरवलं. "आधी येतंय का बघितलं. न्हाय आलं असतं तर तुला कशाला कळायला पायजे होतं? एवढं करतेस माजं. तोंड पडलं असतं तुजं."

मग तिने ते सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी बसूनच उतरली, एकेक पायरी सरकत, पोरांसारखी. वर येताना कठड्याला धरून, मध्ये थांबून. कुणी येताना दिसलं की उगाच भिंतीला टेकून वारा खात असल्यासारखं करायचं. पिशवी गळ्यात अडकवायची. शेण आणायलाच हवं होतं, कारण त्याशिवाय राब नाही, आणि राब न भाजता कच्च्या मातीत माझ्या साहेबांकडच्यासारखं झाड येणार कसं. माझ्या साहेबांच्या झाडाचं मी तिला एकदाच सांगितलं होतं. तिने ते लक्षात ठेवलं होतं.

मला रागवायचं होतं. ती पडली असती, पुन्हा मोडलं असतं, घराला आग लागली असती, सगळं खरं होतं. पण मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हसत राहिले, आणि ती म्हणाली की उठ, साडीला राख लागलीय ती तुझ्या तोंडाला लागंल.

शेजाऱ्यांचे कपडे मी धुऊन दिले. बाल्कनीत विस्तव करायचा नाही, असा कागद काकांनी जिन्यात लावला. पीस लिली मी भाजलेल्या मातीत लावली. स्नेक प्लँटचं एक पिल्लू साध्या मातीत लावलं. दोन्ही जगली. आईने त्यावरून काही सिद्ध केलं नाही आणि मीही नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र तिने माझं ऐकलं. बोट घालून बघायला शिकली, फक्त माझ्यासारखं एक बोट नाही, चारही बोटं खुपसायची.

पुढच्या आठवड्यात व्यायामवाली ताई आली तेव्हा आई तिला खाली फाटकाशीच भेटली. ताई जिन्यावर तिच्यामागून आली, आणि वर आल्यावर तिने मला मिठी मारली. जूनमध्ये डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म बघितली, आईला खोलीत चालायला लावलं, बाहेरच्या पायऱ्यांवर चढायला लावलं. म्हणाले, गावी जा. पण चिखलात उतरायचं नाही, वाकायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही. यंदाची लावणी बांधावर बसून बघायची. आईने तिन्ही गोष्टींना मान डोलावली. फार चटकन डोलावली, म्हणून मी बाबांना फोन करून हे सगळं वेगळं सांगितलं.

बाबा तिला न्यायला आले. ते कमी बोलतात. त्यांनी घरातल्या बाटल्या बघितल्या, कुंड्या बघितल्या, पुसलेल्या पानांवर बोट फिरवून बघितलं. आई त्यांना एकेक झाड दाखवत होती, याला पाणी नाही, याला पाणीच पाणी, आणि मी स्वयंपाकघरात डबा भरत ऐकत होते. बाबांनी शेवटी विचारलं, याला काय लागतं?

"काय न्हाय लागत," आई म्हणाली. "बघायचं."

ती गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. सकाळी मी बाटल्यांचं पाणी बदलायचे, कुंड्यांत बोट घालून बघायचे, आणि मग कुलूप लावून जायचे. पाऊस लागून राहिला होता, त्यामुळे फारसं काही घालावं लागत नव्हतं. लावणी सुरू झाल्याचं फोनवरून कळलं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी बाबांना फोन लावला. मागे बायकांचा आवाज येत होता, पावसाचाही. विचारलं, आई बांधावर बसलीय ना? बाबा म्हणाले, बसली होती. बसून सगळ्यांना सांगत होती, हिची ओळ वाकडी, तिचं रोप वर. बायका वैतागल्या.

मी म्हटलं, फोन द्या तिला.

"ती हितं न्हाय आता. वरच्या खाचराकडं गेली."

वरचं खाचर म्हणजे ओढ्यापलीकडे, टेपाडावर. मी खुर्चीतून उठलेच. "वरच्या? कशी गेली?"

बाबांना बहुतेक प्रश्नच कळला नसावा.

"चालत," ते म्हणाले. "आनखी कशी जानार?"